वीत आणि चार बोटं

थॉमसचा हात थरथरतो हे गास गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फादरना ठाऊक होतं, पाववाल्याला ठाऊक होतं, नालासोपाऱ्याहून भाजी न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. थॉमसने मात्र ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. चहा तो अर्धाच कप घ्यायचा आणि कोणी विचारलं तर डॉक्टरवर ढकलायचा. चर्चमध्ये मिस्सेला उजवा हात खिशात. रस्त्यात भेटला तरी हात खिशात. आमच्यातला कोणी त्यावर बोलला नाही. गावात बाकी सगळ्या गोष्टींवर बोलायला आम्हाला वेळ असतो.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली. कारखाना बंद पडला तेव्हा घराच्या पडवीत पत्रा टाकून त्याने स्वतःचं काम मांडलं. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, केळीच्या वाडीतल्या पंपाचे स्टँड, पडेल ते काम. पण दसरा उलटला की बाकीची कामं मागे सरायची आणि पडवीत क्रूस सुरू व्हायचे. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्या आधी ज्याच्या घरी वर्षभरात कोणी गेलं असेल तो थॉमसकडे यायचा. कबरीवर लोखंडी क्रूस लावायचा तर थॉमसचाच, असं होऊन गेलं होतं. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा.

या वर्षी डॉमनिक गेला होता. डॉमनिक म्हणजे थॉमसचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या बायकोने, रोझलीनने, ऑगस्टमध्येच येऊन सांगितलं होतं, "थॉमसबाबा, त्याचा क्रूस तुमीच करा. घाई नाय, पन तुमीच."

ऑक्टोबरच्या उन्हात थॉमस त्या क्रुसाला बसला. पाइप खाली पायाने दाबला, हातात लोखंड कापायचा ग्राइंडर घेतला. क्लारा, त्याची बायको, दारातच वांगी चिरत होती. तिला आवाजावरूनच कळलं. ग्राइंडर एका सुरात चालायला हवा, तो रडत होता. चक्ती पाइपात वाकडी झाली, अडकली आणि फुटली. एक तुकडा क्लाराच्या कानाजवळून गेला आणि पाण्याच्या निळ्या पिंपात घुसला. पाण्याची धार लागली.

क्लाराने आधी बटण बंद केलं. मग जाऊन पिंपाच्या भोकावर तळहात ठेवला.

"चक्तीच खराब होती," थॉमस म्हणाला. "आजकाल मालच असला येते."

"हां," क्लारा म्हणाली. पाणी तिच्या कोपरावरून पदरात उतरत होतं. "माल खराबच येते."

त्या रात्री जीना घरी आली तेव्हा पिंपाला मेणाचं बूच बसलेलं होतं. जीना त्यांची मुलगी, विरारला बँकेत नोकरीला. तिने बूच पाहिलं, दारात घुसलेला दुसरा तुकडा पाहिला आणि ग्राइंडर उचलून कपाटात टाकून किल्ली पर्समध्ये ठेवली. थॉमस जेवत होता. चमच्यातलं कालवण ताटाबाहेर सांडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने हॅक्सॉ काढला. हाताने चालवायची साधी करवत, कोणाच्या बापाची भीती नाही. पाइप वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि सकाळपासून घासत बसला. करवतीला दोन्ही हात एका रेषेत पुढे-मागे लागतात. त्याचे हात रेषेत जात नव्हते. पातं वळायचं आणि कडकन तुटायचं. तो नवं लावायचा. ते लावायलाही खिळीवर पात्याचं भोक बसावं लागतं, आणि ते बसता बसता त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा. दुपारी क्लाराने झाडू मारला तेव्हा पात्यांचे तुकडे सुपलीत खणखणले. पाइप अर्धाही कापला गेला नव्हता.

"रोझलीनला काय सांगू?" थॉमसने विचारलं. एवढंच विचारलं, पण क्लाराला वाईट वाटलं. तो कधी असं विचारणाऱ्यातला नव्हता.

डॉक्टरने क्लाराला बाजूला घेऊन एक सांगितलं होतं. याला कंपवात म्हणतात, हा थांबत नाही, गोळ्यांनी थोडा आवरतो इतकंच. पण माणसाला बसवून ठेवू नका. खुर्चीत बसला की मग उठणार नाही. क्लाराने तेवढं एकच वाक्य घरी आणलं होतं. तिला या वर्षी थॉमस पडवीत उभा पाहिजे होता. बाकी काही नाही.

शनिवारी तिघं रिक्षाने वसई पूर्वेला गेली. तिथे परेशचं हत्यारांचं दुकान. परेश तरुण, बोलायला गोड, आणि गिऱ्हाइकात कोण निर्णय घेणार हे त्याला उंबऱ्यातच कळायचं. तो जीनाशी बोलू लागला.

"मॅडम, अंकलना काय काय कापायचंय?"

"मना विचार," थॉमस म्हणाला. "मी कापनार हाय."

"हो हो अंकल, तुम्हीच सांगा ना."

"चौकोनी पाइप. ग्राइंडर पायजे. चांगल्या कंपनीचा, हलका."

परेशने एकदा थॉमसच्या खिशाकडे पाहिलं. हात खिशात होता, पण पँटचं कापड हलत होतं. "अंकल, ग्राइंडर आता कोण घेतं घरी वापरायला? हे बघा, कट-ऑफ मशीन. पाइप यात आवळायचा, वरून मोठी चक्ती, हँडल फक्त खाली दाबायचं. डेमो बघा ना."

दुकानाच्या मागे मशीन मांडलेलं होतं. पोऱ्याने अँगलचा तुकडा आवळून दिला. थॉमसने खिशातून हात काढला आणि हँडल धरलं. चक्ती सुरू झाली, ठिणग्या उडाल्या. ठिणग्या दिसल्या तसा थॉमसचा चेहरा उजळला, हे जीनाने पाहिलं. मग हँडल थरथरलं. चक्ती लोखंडावर आदळायला लागली, उचलायची, आदळायची. दुकानात पाइप बघायला आलेली दोन माणसं वळली.

परेश पुढे आला. त्याने थॉमसच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून हँडल खाली दाबलं, बालवाडीत बाई मुलाचा हात धरून गिरवून घेतात तसं. तुकडा कापून खाली पडला.

"बघा, झालं ना?" परेश म्हणाला.

थॉमसने हात परत खिशात घातला. ज्या माणसाने कारखान्यात पोरांना चक्ती धरायला शिकवली त्याचा हात आज एक दुकानदार धरून शिकवत होता. आम्ही तिथे असतो तर परेशला चार शब्द ऐकवले असते. पण खरं सांगायचं तर त्यानेही वाईट बुद्धीने केलं नाही.

"दुसरं काय हाय?" क्लाराने विचारलं.

दुसरं म्हणजे बँडसॉ. लांब पात्याचा पट्टा दोन चाकांवर गोल फिरतो. पाइप वाइसमध्ये आवळायचा, बटण दाबायचं आणि सोडून द्यायचं. पट्ट्याचा दांडा आपल्याच वजनाने हळूहळू खाली येतो. ठिणगी नाही, किंचाळी नाही. काप पूर्ण झाला की मशीन स्वतःच बंद होतं. परेशने बटण दाबून हात मागे बांधून दाखवले.

"हाताचं कामच नाही यात," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"मंग मानूस कशाला?" थॉमसने विचारलं.

"अंकल, पाइप लावायला, माप घ्यायला. डोकं तर माणसाचंच लागतं ना."

थॉमसने कापलेला तुकडा उचलला. काप काटकोनात, आरशासारखा. त्याने अंगठा फिरवला, कडेला बर, म्हणजे लोखंडाची खरखरीत किनारही नव्हती. कानस मारायची गरज नाही. त्याने तुकडा नाकाजवळ नेऊन बघितला, उलटा करून बघितला.

"काप बेस हाय," तो म्हणाला. तेवढ्यावर जीनाने पैसे भरले.

मशीन सोमवारी टेम्पोने आलं. ते उतरवायला आम्ही चौघंजण गेलो होतो. थॉमस बाजूला उभा राहून "जरा डावीकडं, जरा डावीकडं" करत होता आणि आम्ही त्याचं ऐकून ते डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे सरकवत होतो. पूर्वीचा थॉमस परत आल्यासारखं वाटलं. क्लाराने सगळ्यांना चहा दिला. थॉमसने पूर्ण कप घेतला आणि थोडा सांडला तरी प्यायला.

मग पंधरवडाभर पडवीत काम चाललं. सकाळी थॉमस आंघोळ करून, गोळी घेऊन यायचा. पाइप मशीनवर ठेवायचा. वाइसचा स्क्रू क्लारा फिरवायची, कारण तो त्याच्या बोटांना आवळत नव्हता. मग थॉमस खडूने खूण करायचा, खुणेवर पट्टा आणायचा, बटण दाबायचा आणि उभा राहायचा. मशीन गुरगुरत खाली यायचं. तो कमरेवर हात ठेवून बघत राहायचा, कोणी कामगार हाताखाली राबतोय आणि हा मुकादम आहे असा. पाइप कापून टणकन खाली पडला की क्लाराकडे बघून मान हलवायचा. क्लाराला वाटायचं, देवाने ऐकलं.

पण थॉमस खूण कशी करायचा ते सांगायला हवं. घरात मोजायची टेप होती. जाळीला, फाटकाला तो टेप लावायचा. क्रुसाला कधीच नाही. त्याच्या बापाने लावली नव्हती. उभा पाइप एक अखंड, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोन आडवे हात जोडायचे. प्रत्येक हात एक वीत आणि चार बोटं. करणाऱ्याची वीत, करणाऱ्याची बोटं. आधी डावा हात मोजायचा आणि कापायचा, मग उजवा. क्लाराने लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं, टेप का नाही. तेव्हा तो म्हणाला होता, "मापपट्टीनं मोजायला ते काय कपाट हाय? मानसाचा क्रूस मानसाच्या हातानं मोजायचा." आणि त्या वितीने केलेले क्रूस आमच्या कबरस्थानात रांगेने उभे आहेत. लेव्हल लावून बघा, चूक सापडणार नाही.

आता त्याची बोटं पुरती ताठ होत नव्हती. अंगठा आत वळायचा, करंगळी आकसायची. कधी वीत मोठी पडायची, कधी लहान. सकाळी गोळी लागू असताना एक, दुपारी ती उतरल्यावर दुसरी. त्याला ते दिसत नव्हतं. डोळे चांगले होते, पण आपल्या वितीची शंका घ्यायची वेळ त्याच्यावर आयुष्यात आली नव्हती. शिवाय मशीनचा काप इतका सुरेख की त्यावर अंगठा फिरवताना माणूस दुसरं काही बघेल कशाला? ग्राइंडरने कापायचा तेव्हा कानस मारताना, जुळवताना चूक हाताखाली यायची आणि सुधारायची. हे मशीन चुकीच्या खुणेवरसुद्धा अगदी बिनचूक कापत होतं. आम्ही सगळ्यांनी कापायचं हत्यार निवडलं होतं. मोजायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

जोडकाम करायला संध्याकाळी एल्रॉय यायचा. एल्रॉय वेल्डर, दोन पोरांचा बाप, वाघोलीच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं दुकान आहे. पहिल्या संध्याकाळी थॉमस दमून आत झोपला होता. एल्रॉयने क्रुसाचे दोन्ही हात उभ्या पाइपाला लावून पाहिले, काढले, परत लावले.

"काकी," तो हळूच म्हणाला, "हा एक आखूड हाय."

क्लाराने वाकून पाहिलं. दोन बोटांचा फरक होता.

"मोठ्यातला थोडा कापून टाकतो. काकांना कलनार नाय."

"टाक," क्लारा म्हणाली.

सकाळी थॉमस उठला, जोडलेला क्रूस उभा केला आणि नेहमीच्या सवयीने त्यावर वीत टाकली. वीत पुढे गेली. परत टाकली. त्याचा चेहरा लाल झाला.

"कोनी कापला?"

क्लाराने हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"मी कापलेला हात हाय. माझा मोजलेला हाय. कोनी हात लावला?"

त्याने क्रूस ढकलून दिला. तो फरशीवर पडला आणि जोड निघाला. थॉमस खुर्चीत जाऊन बसला. तो दिवस बसला, दुसरा दिवस बसला. जेवायलाही खुर्चीतच ताट मागितलं. मशीनवर क्लाराने चादर घातली. जीनाने रात्री समजावलं, "डॅडी, एल्रॉयची चूक झाली, सॉरी म्हणतोय तो." थॉमस टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता.

तिसऱ्या सकाळी क्लाराने चादर काढली, पाइप मशीनवर ठेवला आणि स्क्रू आवळत म्हणाली, "आता कोन हात नाय लावनार. तुमी मोजाल तसाच जोडेल तो. या."

तो उठून आला.

संध्याकाळी एल्रॉयने हात लावून पाहिले आणि क्लाराकडे बघितलं. यातला तर तीन बोटं आखूड होता.

"काकी, हा कबरीवर लागनार हाय."

"जोड."

"लोक काय म्हनतील? माझं पन नाव हाय."

"एल्रॉय, जोड म्हनते ना तुला." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "तो उबा हाय रे. तू नाय बघितला त्याला खुर्चीत."

एल्रॉयने तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढला आणि जोडलं. त्या दिवसापासून तो यायचा आणि जोडून जायचा. क्लारा क्रुसांना रंग द्यायची. सगळा काळा, वर चंदेरी पट्टा. आखूड बाजूला ती जाड रंग द्यायची, जणू रंगाने काही भरून निघणार होतं.

महिनाअखेरीस रोझलीन डॉमनिकचा क्रूस न्यायला आली. थॉमसने स्वतः तो भिंतीला टेकवून उभा केला होता. रोझलीन समोर उभी राहिली. तिने क्रूस पाहिला, मग क्लाराकडे पाहिलं. क्लारा खाली बघत होती.

"बघ, काप कसा हाय," थॉमस म्हणाला. "नवी मशीन. जीनानं घेतली. असला काप मी ग्राइंडरनं पन कदी काढला नव्हता. डॉमनिक बघता तर म्हनता, थॉमस, आता तू खरा कारीगर झाला."

रोझलीनने पाइपाच्या टोकावरून बोट फिरवलं. "बेस झालाय, थॉमसबाबा," ती म्हणाली. "तो खूश झाला असता." तिने पदराने डोळे पुसले. थॉमसला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने. तसं ते होतंही, पण तेवढंच नव्हतं.

बाकीचेही आले आणि आपापले क्रूस घेऊन गेले. कोणी एक शब्द काढला नाही. सगळ्यांनी छान म्हटलं. आम्ही माणसं तशी तोंडाळ, पण त्या आठवड्यात गाव शहाण्यासारखं वागलं.

दोन तारखेला संध्याकाळी आम्ही कबरस्थानात गेलो. गवत काढलेलं, माती नीट केलेली. प्रत्येक कबरीवर झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, उदबत्त्या. फादर ओळीने पाणी शिंपडत पुढे चालले होते आणि प्रार्थनेला लोक मागून उत्तर देत होते. हवा अगदी पडलेली होती. ज्योती सरळ उभ्या होत्या, अंगाला घाम चिकटत होता.

थॉमस क्लाराचा हात धरून आला. नवा शर्ट, केस चापून बसवलेले. पूर्वी या दिवशी तो असाच यायचा आणि आपले क्रूस बघत हिंडायचा, कोणता गंजला, कोणाला रंग हवाय. या वर्षी नवे क्रूस लांबूनच कळत होते. सगळ्यांवर भरगच्च झेंडू होता. थॉमस बघत चालला. मग त्याची चाल मंदावली. झेंडू सगळ्यांवर एकाच बाजूला जास्त होता. एका हाताला बारीक माळ, दुसऱ्या हाताच्या टोकाला गुंडाळून गुंडाळून मोठा गोळा, टोकाच्या पुढे आलेला. एका घराने केलं असतं तर हौस म्हटली असती. या लोकांनी एकमेकांना विचारलेलं नव्हतं. ज्याला त्याला आपल्या घरी, आपल्यापुरतं सुचलं होतं.

डॉमनिकच्या कबरीजवळ तो थांबला. रोझलीन मेणबत्त्या आणायला फाटकाकडे गेली होती. थॉमसने हात पुढे केला आणि झेंडूचा गोळा ओढला. दोऱ्याची गाठ सुटली, फुलं मातीवर सांडली. लोखंडाचं टोक उघडं पडलं. त्याने ते पाहिलं, मग दुसऱ्या बाजूचं पाहिलं. शेवटी उजवा हात आखूड बाजूवर पसरला. अंगठा बसेना. बोटं पाइपावर टकटक वाजत राहिली.

"तुला म्हाईत होतं?" त्याने विचारलं.

"हां," क्लारा म्हणाली.

"कदीपासून?"

"पयल्यापासून."

"मंग बोलली का नाय?"

क्लाराला पुष्कळ सांगायचं होतं. डॉक्टरचं, खुर्चीचं, त्या दोन दिवसांचं. "तुमी उबे होते," ती म्हणाली आणि रडू लागली.

थॉमस रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. शेजारच्या कबरीवर बघितलं, त्याच्या पलीकडच्या कबरीवर बघितलं. डॉमनिकला, त्याच्याबरोबर वाढलेल्या डॉमनिकला, त्याने हे दिलं होतं, आणि ते आता इथे गंजेपर्यंत राहणार होतं. त्याने क्रूस उपटायला म्हणून दोन्ही हात घातले. पायाचं सिमेंट धरलेलं होतं. क्रूस हललाही नाही.

तेवढ्यात रोझलीन आली. हातात मेणबत्त्यांचा पुडा. तिने सांडलेली फुलं पाहिली, उघडं टोक पाहिलं, थॉमसचे हात पाहिले. पटकन खाली बसली आणि माळ गोळा करायला लागली.

"वाऱ्यानं सुटली बघा," ती म्हणाली. "मघापासून कसला वारा सुटलाय."

तिने टोकाला माळ परत गुंडाळायला घेतली. दोरा पुरत नव्हता. चार फेरे झाले आणि गाठ मारायला एक बोट कमी पडलं. तिने वर पाहिलं नाही. थॉमस खाली वाकला. गाठीवर धरायला त्याने बोट पुढे केलं, ते दोऱ्यावर ठरेना, तरी त्याने तसंच दाबून धरलं. रोझलीनने त्याच्या बोटासकट एक वेढा घेतला, बोट सोडवलं आणि गाठ मारली.

"हां," थॉमस म्हणाला. "वारा हाय आज."

फादर पुढच्या ओळीत पोचले होते. क्लाराने डोळे पुसले, त्याचा दंड धरला, आणि दोघं लोकांच्या मागून उत्तर देत चालू लागली.